लांडगा झाला म्हणून बिल्ड सुटत नाही

चवथीला वेंगुर्ल्याच्या घरी सगळे जमलो होतो. आरत्या आटोपल्या, मोदक पोटात गेले आणि काकांचा धाकटा, सातवीतला, माजघरात माझा जुना लॅपटॉप उघडून स्कायरिम खेळत बसला. हा गेम नोव्हेंबर २०११ चा, म्हणजे पोरापेक्षा वयाने मोठा. थोड्या वेळाने हाक आली, "दादा, मी लांडगो झालंय, तरी मरतंय कित्याक?"

जाऊन बघितलं. तिसाव्या लेव्हलचा जादूगार, अंगात झगा, आणि दरोडेखोरांच्या तळात मधोमध लांडग्याचं रूप घेतलेलं. चार घावांत आडवा. असं का खेळलास म्हणून विचारलं तर त्याने मोबाइल पुढे केला. एक मजकूर फिरतोय, तो मलाही तीन ग्रुपांवर येऊन गेला होता. सारांश असा: लांडगा किंवा व्हॅम्पायर झालात की बिल्डचा, म्हणजे पात्र कसं घडवायचं याचा, विचार सोडा, रूप सगळ्यांचं सारखंच असतं. या रूपावर घालवलेले पर्क, म्हणजे खास कसबं, वाया जातात, पण लेव्हल झपाट्याने वाढते. व्हॅम्पायर जितकं रक्त पिईल तितका बलवान. व्हॅम्पायर लॉर्डपुढे, म्हणजे व्हॅम्पायरच्या वरचढ राक्षसी रूपापुढे, लांडगा म्हणजे पोरखेळ. आणि एकदा त्या वाटेला गेलात की परत माणूस होता येत नाही, म्हणून सज्जन पात्र खेळणाऱ्यांनी तिकडे फिरकूच नये.

या सगळ्यात पहिलं वाक्य सर्वांत घातक आहे, कारण पोरगा मेला तो त्या वाक्यामुळे.

स्कायरिममध्ये प्रत्येक लेव्हलला हेल्थ (जीव), मॅजिका (जादूची ताकद) आणि स्टॅमिना (दमसास) यांतल्या एकात १० गुण टाकता येतात. सुरुवातीची हेल्थ कुठल्याही वंशाची १००. तिसाव्या लेव्हलपर्यंत २९ वेळा निवड करायची संधी मिळते, म्हणजे २९० गुण. आमच्या जादूगाराने सगळे मॅजिकात ओतले होते. लांडगा झाल्यावर हेल्थ आणि स्टॅमिना प्रत्येकी १०० ने वाढतात, म्हणजे त्याची हेल्थ झाली २००. तेच गुण हेल्थमध्ये टाकणारा योद्धा त्याच लेव्हलला ४९० हेल्थचा लांडगा होतो. दोघांचं कातडं एकच, पण दुसऱ्याचा जीव पहिल्याच्या जवळजवळ अडीचपट. शिवाय लांडग्याच्या रूपात मॅजिका कशालाच लागत नाही. जादू करता येत नाही, औषधाची बाटली काढता येत नाही, हेल्थ आपोआप भरून येत नाही. पोराचे २९० गुण रूप टिकतं त्या अडीच मिनिटांपुरते बँकेत कुलूपबंद.

आता कोणी म्हणेल, मग योद्ध्याने खुशाल लांडगा व्हावं. तिथेही गणित उलटतं, आणि हे तर त्या मजकूर लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. रूप बदलताना अंगावरचं सगळं उतरतं. लोहारकाम वाढवून, चिलखत घासूनपुसून, मंत्र चढवून ज्याने आर्मर, म्हणजे चिलखताचं बळ, ५६७ पर्यंत नेलं, त्याला शस्त्राच्या माराचे ८० टक्के लागतच नाहीत. ३९० हेल्थचा असा योद्धा मरायला जवळपास १९५० चा मार खावा लागतो. लांडगा झाला की ४९० हेल्थ उघडी, चिलखत शून्य. ज्याने वीस तास भट्टीपुढे घालवले, त्याने ऐन लढाईत लांडगा होणं म्हणजे भर पावसात छत्री मिटून धावण्यासारखं आहे. उलट बाराव्या-पंधराव्या लेव्हलचा, फाटक्या चामड्यातला, हेल्थ-स्टॅमिनावर भर देणारा खेळाडू त्याच रूपात तळच्या तळ साफ करतो. एवढं मात्र खरं: सुरुवातीला लांडगा भारी वाटतो. पण तो भारी वाटतो कारण तुमच्याकडे तेव्हा गमावण्यासारखं चिलखतच नसतं.

आमच्याकडे दशावतारात राक्षसाचा वेष कोणीही चढवील. रंग प्रत्येक नट स्वतःचा स्वतःच लावतो. पण लिहिलेली संहिता नसते, संवाद उभ्या जागी सुचावे लागतात. मग त्याच मुकुटाखाली एकाचा राक्षस जत्रेतली माणसं पहाटेपर्यंत जागवतो आणि दुसऱ्याच्या राक्षसाला बघून बायका शेंगदाण्यांच्या पुड्या सोडायला लागतात. वेष उधार मिळतो हो, पल्लेदार आवाज आधी कमवावा लागतो.

पर्क वाया जातात हे तर सरळ खोटं. लांडग्याचे ११ आणि व्हॅम्पायर लॉर्डचे ११ पर्क २०१२ च्या डॉनगार्ड या जोडभागात आले आणि त्यांची झाडं १८ कौशल्यांच्या झाडांपासून पूर्ण वेगळी आहेत. लेव्हल वाढल्यावर मिळणारा एकही पर्क तिथे खर्ची पडत नाही. लांडग्याचे पर्क प्रेतं खाऊन मिळतात, लॉर्डचे ड्रेन लाइफ या जीव शोषणाऱ्या जादूने किंवा चाव्याने बळी घेऊन.

आणि लेव्हल झपाट्याने वाढते म्हणणं तर खऱ्याच्या अगदी उलट आहे. या गेममध्ये लेव्हल वाढते ती कौशल्यं वापरून. तलवार चालवा, तलवार वाढेल. कुलपं फोडा, तो हात बसेल. लांडग्याच्या पंजाने शंभर माणसं मारलीत तरी १८ पैकी एकही कौशल्य पुढे सरकत नाही. वर अंगात लांडग्याचं रक्त असेपर्यंत झोपेचा फायदाही बंद. एरवी स्वतःच्या घरात किंवा खाणावळीत झोपून उठलं की कौशल्यं १० टक्के भरभर वाढतात, लग्न झालेल्याला जोडीदाराशेजारी झोपून १५ टक्के. लांडग्याला शून्य, आणि हे माणसाच्या रूपात असतानाही. ज्याला शिकायची घाई आहे त्याच्यासाठी ही किंमत लहान नाही. बदल्यात कुठलाही रोग जडत नाही, पण रोगावरच्या बाटल्या तशाही पडवीतल्या नारळांसारख्या साठलेल्या असतात.

वेळेचंही तसंच. रूप टिकतं १५० सेकंद. एक प्रेत खाल्लं की ३० सेकंद वाढतात आणि ५० हेल्थ परत येते. सहा दरोडेखोरांचा तळ असेल तर साडेपाच मिनिटं हातात. पण सुरुवातीला फक्त माणसांची प्रेतं चालतात. पुरातन थडग्यातल्या ड्रॉगरांमध्ये, म्हणजे चालत्या प्रेतांमध्ये, जाऊन लांडगा झालात तर खायला काही नाही, हेल्थ भरत नाही आणि घड्याळ पळतंय. सॅव्हेज फीडिंग हा पर्क घेतला तर बहुतेक मेलेलं खाता येतं, पण निम्म्या लाभाने. ड्वार्फांच्या पितळी यंत्रांना तर कोण चावणार? म्हणजे कुठल्या गुहेत शिरायचं हेसुद्धा बिल्डचाच भाग झाला. दिवसातून एकदाच रूप घेता येतं ही अट मात्र सुटू शकते. फॉकरीथच्या तुरुंगात भेटणाऱ्या सिंडिंग या लांडगा होणाऱ्या माणसाची बाजू घेतली की शिकारीचा देव हर्सीन याची अंगठी मिळते, मग हवं तितक्या वेळा.

रक्ताच्या मुद्द्यावर मला खरं तर हसू आलं. व्हॅम्पायरपण चार टप्प्यांत वाढतं आणि ते वाढतं उपाशी राहिल्याने. झोपलेल्या माणसाचं रक्त प्यायलात की पहिल्या टप्प्यावर परत. न पिता एकेक दिवस गेला की पुढचा टप्पा. चौथ्या टप्प्यावर रक्त शोषणारी जादू सर्वांत तीव्र असते, आणि दिवसातून एकदा अदृश्य होण्याची शक्तीही तिथेच मिळते. सोबत दुखणीही वाढतात. आगीपुढची दुर्बलता पहिल्या टप्प्यावर २० टक्के, चौथ्यावर ५०. उन्हात हेल्थ, मॅजिका, स्टॅमिना तिन्ही पहिल्या टप्प्यावर १५ ने आणि चौथ्यावर ६० ने घटतात, आणि ऊन असेपर्यंत भरून येत नाहीत. दुपारी एकला भोगव्याच्या वाळूत अनवाणी उभं राहून बघा, म्हणजे कळेल. थोडक्यात, पोटभर प्यायलेला व्हॅम्पायर जवळपास माणूसच असतो. म्हणून शहरात व्यापार करायचा असेल तर पिऊन जावं, रात्री गुहेत शिरायचं असेल तर उपाशी.

इथे वंशाची निवड अचानक मोलाची होते. डार्क एल्फला जन्मतःच आगीचा ५० टक्के प्रतिकार असतो. चौथ्या टप्प्यावरची ५० टक्के दुर्बलता त्याने बरोब्बर फिटते. त्याने महिनाभर उपास केला तरी ड्रॅगनची आग त्याला साध्या माणसाइतकीच लागते. उलट नॉर्डचा थंडीचा ५० टक्के प्रतिकार व्हॅम्पायर झाल्यावर बराचसा वाया जातो, कारण थंडीचं कवच व्हॅम्पायरपणातच येतं.

आणि नेक्रोमेज! रेस्टोरेशन, म्हणजे बरं करण्याची जादू, ७० झाल्यावर मिळणारा हा पर्क मृतात्म्यांवरचे मंत्र २५ टक्के प्रबळ करतो. कोणी लक्षही देत नाही, कारण वाटतं की हा ड्रॉगर मारायला आहे. पण व्हॅम्पायर खेळाडू स्वतःच मृतात्म्यांत मोडतो, म्हणून स्वतःवर केलेल्या मंत्रांना आणि अंगावरच्या मंतरलेल्या वस्तूंनाही ही वाढ लागू होते. बिल्ड सोडून द्या म्हणणाऱ्याला हे कसं दिसावं? मला तर या गेममधली यापेक्षा धूर्त जोडणी माहीत नाही.

लॉर्ड मोठा की लांडगा, हा वाद मला सुरमई मोठी की पापलेट असाच वाटतो. लॉर्डला वेळेची मर्यादा नाही, तो तरंगतो, दुरून जीव शोषतो, मेलेले उठवतो. पण दिवसा उघड्यावर त्याची ऊर्जा आटते. लांडग्याला ऊन-सावली सारखीच आणि त्याच्याइतकं वेगाने पळणारं दुसरं रूप नाही. अंधाऱ्या गुहांत रमणाऱ्या जादूगाराने लॉर्ड व्हावं, मैदान तुडवणाऱ्याने लांडगा. एक गोंधळ मात्र दूर करायला हवा, कारण त्यापायी बऱ्याच जणांचे दिवस फुकट गेलेत: गुहेतल्या व्हॅम्पायरकडून रोग लागून कोणी लॉर्ड होत नाही. रोगाने फक्त साधा व्हॅम्पायर होतो. लॉर्डचं रूप व्हॅम्पायरांचा सरदार हार्कन याच्याकडून किंवा पुढे त्याची मुलगी सेराना हिच्याकडून घ्यावं लागतं. आणि दोन्ही रक्तं एका अंगात नांदत नाहीत, नवं आलं की जुनं जातं.

परतीची वाट आहे, दोघांनाही. लांडग्याने ग्लेनमोरिलच्या चेटकिणीचं मुंडकं यस्ग्रामोरच्या थडग्यातल्या अग्नीत टाकायचं. व्हॅम्पायरने भरलेलं काळं सोल जेम, म्हणजे आत्मा कोंडणारा खडा, घेऊन मॉर्थल गावच्या फॅलियन या जादूगाराकडे जायचं. नुसती लागण झाली असेल तर तीन दिवसांच्या आत देवळीपुढे प्रार्थना केली तरी पुरते.

राहिला सज्जनपणाचा मुद्दा. कंपॅनियन्स या योद्ध्यांच्या टोळीच्या कथेत हाच तर वाद रंगवलाय. त्यांचा म्हातारा म्होरक्या कोडलाक याला मेल्यावर पूर्वजांच्या परलोकी, सोव्हनगार्डला जायचंय, म्हणून त्याला लांडग्याचं रक्त शाप वाटतं. टोळीतल्या शिकारीण एलाला तेच रक्त हर्सीनचं वरदान वाटतं. गेम दोघांपैकी कोणालाही खोटं पाडत नाही. आणि कोकणातल्या माणसाने तरी अक्राळविक्राळ रूप म्हणजे दुष्ट असं म्हणू नये. शिरोड्याजवळच्या आरवलीला वेतोबा आहे. वेताळच तो, पण गावाचा राखणदार. लोक त्याला केळी आणि हे भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण देव रात्रभर गावाच्या सीमेवर फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा. आमची आजी अंधारात त्याचंच नाव घेऊन विहिरीवर जायची.

हे सगळं पोराला सांगितलं, थोडं कमी लांबण लावून. त्याने जुना सेव्ह उघडला, पुढचे दहा गुण हेल्थमध्ये टाकले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि थेट व्हाइटरन शहराच्या भर बाजारात लांडगा झाला. चार पोलिसांनी आणि एका भाजीवालीने बघितलं. कोणाच्या देखत रूप बदललं तर १००० सोन्याच्या नाण्यांचा गुन्हा लागतो, हे सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. अडीच मिनिटांनी तो दगडी पायऱ्यांवर चड्डीवर उभा, समोर शिपाई.

"दादा, आता काय करू?"

"दंड भर," मी म्हटलं, "आणि आधी कपडे घाल."