हॉल बुक झाला, सह्यांचं काय?

गोव्यात दर लग्नसराईत तेच! हॉल ठरतो, केटरर ठरतो, मिरामारच्या किनाऱ्यावर मावळतीचे फोटोही काढून होतात. आणि लग्नाच्या नोंदणीसाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा करायच्या सह्या? 'करूया मागीर!' (म्हणजे नंतर). अहो, पहिली सही झाल्यावर दुसरीसाठी साधारण 15 दिवस थांबावं लागतं. साक्षीदार लागतात, जन्मदाखले लागतात. दाखल्यावर 'नाईक'चं एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. मग बसा हेलपाटे घालत.

त्यात गोव्यात वेगळा करार केला नाही, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. तो करार लग्नाआधीच करायचा, नंतर हळहळून उपयोग नाही. यावर दोघं अवाक्षर बोलत नाहीत (थोरले तर त्याहून नाहीत). स्टेजवरची शेवंती पिवळी की पांढरी, यावर मात्र रात्री जागवतात!