आवाज खंय आसा?

शिमग्याला गावी पोचलो. पिशव्या अजून खांद्यावरच होत्या, तेवढ्यात ओटीवर बसलेल्या बाबांनी बातमी दिली, "कॉम्प्युटर चावता."

आमच्याकडे चावणं म्हणजे शॉक बसणं. पावसाळ्यात फ्रीज चावतो, पंपाची पेटी चावते, एकदा तर ओल्या भिंतीनेच काकांना चावलं होतं. म्हणून मी चपला न काढताच आत गेलो आणि त्याबद्दल आईची बोलणी खाल्ली. पण भानगड निराळी होती. बाबांचं म्हणणं, कॉम्प्युटर सुपारी चघळल्यासारखं काहीतरी चावत बसतो आणि हिशोब पुढे सरकत नाही. कॅबिनेटला कान लावला. टक्, टक्, कुर्र, टक्. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती.

हा कॉम्प्युटर १९९९ चा. त्यात विंडोज ९८. आईने जुन्या साडीचं शिवलेलं आवरण त्याच्यावर अजून आहे, उन्हाळ्यात सुती आणि पावसाळ्यात त्यावर प्लास्टिक. त्याच साली माझ्या मावसभावाने फॉक्सप्रोमध्ये आंब्याच्या हिशोबाचा प्रोग्राम लिहून दिला. कुठल्या बागेच्या किती पेट्या, चार डझनी किती, पाच डझनी किती, वाशीला गेल्या किती, दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, काय आली, हमाली-तोलाई-अडत वजा जाता हातात काय पडलं. सगळं डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर छापून येतं. मावसभाऊ आता प्रोग्रामचं नाव काढलं तरी फोन बायकोकडे देतो.

नवा लॅपटॉप मी मागेच आणून दिलेला आहे. त्यावर नातवंडं कार्टून बघतात. चौसष्ट बिटी विंडोजवर तो सोळा बिटी प्रोग्राम चालतच नाही, आणि लॅपटॉपला त्या प्रिंटरचं रुंद पोर्टही नाही. मध्ये भाषांतर करणारं सॉफ्टवेअर घालून मी एकदा चालवूनही दाखवला होता. पण पट्टीचा रकाना दोन घरं उजवीकडे सरकला आणि हमाली पेट्यांच्या खाली आली. बाबांनी कागद बघितला, घडी केली आणि चष्मा पुसायला घेतला. विषय संपला.

नेटवर एक जुना उपाय फिरतो, मरायला टेकलेली डिस्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावी, सकाळी तासभर चालते. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि होती ती आशाही जाते, हे मला ठाऊक होतं. तरी माणूस मोहाला पडतो. प्लास्टिकची पिशवी घेऊन फ्रीजसमोर उभा राहिलो तर मागून आई, "फ्रीझरात सुरमई आसा. तुझो डबो थंय ठेवलंस तर बघ." एका माशाने डिस्क वाचवली.

तेव्हा मेमरी कार्डाचा मार्ग सुचला. कॅमेऱ्यातलं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड, ते जाडजूड, काडेपेटीच्या बेताचं. सँडिस्कने १९९४ साली ते काढलं तेव्हाच त्याला हार्ड डिस्कची आयडीई भाषा येईल अशी सोय ठेवली होती. त्यामुळे कार्डाची पन्नास टोकं केबलच्या चाळीस टोकांना जुळवणारी एक हिरवी पट्टी मध्ये घातली की कॉम्प्युटरला वाटतं डिस्कच आहे. त्या पट्टीत अक्कल म्हणून काही नसते, नुसत्या तारा. मोबाईलमधलं बारकं एसडी कार्ड लावायचं तर मध्ये दुभाषी चिप लागते, कॉम्पॅक्टफ्लॅशला दुभाष्याची गरज नाही. शिवाय आत फिरणारं काही नाही, म्हणजे चावणारंही नाही. लोकांना वाटतं हार्ड डिस्क हवाबंद असते. तसं नाही, तिला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं, त्यावर गाळणी. पंचवीसहून जास्त वर्षं देवगडची खारी हवा आणि तितक्याच पावसाळ्यांचा दमटपणा त्या भोकातून घेऊन ती टिकली, हेच नवल.

हिरवी पट्टी मागवली. कुरियर आमच्या वाडीपर्यंत येत नाही. ते पार्सल तालुक्याच्या गावी एका दुकानात उतरलं, तिथून एसटीच्या कंडक्टरने आणून फाट्यावरच्या टपरीत दिलं आणि टपरीवाल्याने दोन दिवस ते माचिसच्या खोक्यांत ठेवलं. आकार बघता त्याला दोष देता येत नाही. मी ऑफिसात "पालखी आहे" म्हणून रजा वाढवली. पालखी होतीच, फक्त आमच्या घरी येऊन पुढे गेली होती.

कार्डासाठी बाजारातल्या फोटोग्राफरकडे गेलो. त्यांनी मोठ्या मनाने ६४ जीबीचं दिलं. कॅबिनेट उघडायला अर्धा दिवस गेला, कारण स्क्रू गंजून एकजीव झाले होते. खोबरेल सोडून, गरम उलथण्याचा चटका देऊन ते निघाले. आत पालीची तीन अंडी होती. आईने ती कागदावर घेऊन माडाच्या मुळाशी ठेवली. कार्ड लावलं, सुरू केलं, आणि बायोसने, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होऊन यंत्र तपासणाऱ्या प्रोग्रामने, डिस्क मोजायला घेतली ती मोजतच राहिली. चहा झाला, आंघोळ झाली, तरी मोजतेच आहे. त्या काळच्या कित्येक बायोसना ३३.८ जीबीच्या पुढचे आकडे येतच नाहीत, तिथे पोचले की थिजतात.

कार्ड परत घेऊन गेलो आणि लहान मागितलं. "लहान?" फोटोग्राफर असे बघू लागले की जणू मी लग्नात पंगतीला बसून अर्धी पुरी मागितली. शेवटी ड्रॉवरच्या तळातून ४ जीबीचं निघालं. "रिकामं आहे," म्हणाले.

रिकामं कुठलं. लॅपटॉपला लावलं तर आत अख्खं लग्न. हळद, मंगलाष्टकं, विहिणींची पंगत, आणि नवरा-नवरी माडाला टेकून. फोन केला. "पुसा हो," म्हणाले, "त्यांनी अल्बमचे पैसे अजून दिले नाहीत."

मी फॉरमॅट करणार तेवढ्यात बाबांनी हात धरला. कुणाचं का असेना, लग्न असं पुसायचं नाही. मग ते लग्न पेनड्राइव्हवर उतरवलं, आणि पेनड्राइव्ह आता देवघराच्या खणात कापसाच्या वातींशेजारी आहे.

कार्ड बसवताना एक टोक वाकलं. पन्नास टोकं, केसाएवढी, आणि कार्ड जरा तिरकं गेलं की एखादं मान टाकतं. गोधडीच्या सुईने ते सरळ करताना मी श्वास रोखला होता आणि पलीकडे आई कोलंबी सोलत होती. दोघांचं काम साधारण सारखंच, तिचं जास्त सफाईचं.

मग कॉपी. जुनी डिस्क अधूनमधून रुसायची, तिला थंड होऊ द्यायचं, पुन्हा सुरू. मध्ये दोनदा लाईट गेली. कॉपी झाली, कार्डावरून सुरू केलं, तर विंडोज ९८ चे ढग आले आणि तिथेच गोठले. कारण कळायला रात्र गेली. जुन्या डिस्कला डीएमए नावाची वेगाची वाट चालू होती. माझ्या स्वस्त पट्टीत त्या वाटेच्या ताराच ओढलेल्या नव्हत्या. जुन्या डिस्कवर जाऊन सेटिंगमधली डीएमएची टिक काढली आणि सगळी कॉपी पुन्हा केली. कार्डावर '१३३ एक्स' असं ठळक छापलेलं आहे. एक एक्स म्हणजे सेकंदाला दीडशे किलोबाइट, म्हणजे वीस एमबीच्या आसपास. आमच्याकडे त्यातले एक्स बरेचसे छपाईपुरतेच उरले.

पहाटे चालू झालं. बाबांना उठवून कार्ड दाखवलं.

"इतक्याशा तुकड्यात सगळो हिशोब मावतलो?"

मावला होता, आणि निम्म्याहून जास्त जागा मोकळी होती. मी त्यांना समजावलं की कार्डाच्या एकाच घरात पुन्हा पुन्हा लिहून-पुसून ते घर झिजतं, म्हणून कार्ड आपणच आळीपाळीने वेगवेगळ्या घरांत लिहितं. तरी उगाच लिहायला लावू नये, म्हणून मेमरी पुरेना झाली की विंडोज डिस्कवर जी स्वॅप फाइल लिहीत बसतं, ती मी बंद केली आहे. बाबांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे ह्येका कल्टार घालूक नको."

कल्टार म्हणजे आंब्याला जबरदस्तीने मोहोर आणायला घालतात ते औषध, त्याचा अतिरेक झाला की झाड झिजतं. बाबांइतकं अचूक मला दहा मिनिटांत सांगता आलं नव्हतं.

मग ते खुर्चीवर बसले, प्रोग्राम उघडला, गेल्या सालची बेरीज मागितली. आकडे आले. बाबा तसेच बसून राहिले. मग वाकून कॅबिनेटला कान लावला.

"बंद पडलो."

"चालू आहे बाबा. बेरीज समोर आहे की."

"आवाज खंय आसा?"

पंखा फिरत होता, पण त्यांच्या लेखी तो आवाज नव्हे. इतकी वर्षं बेरीज मागितली की आत कुरकुर व्हायची, आणि कुरकुर थांबली की आकडा खरा, असा हिशोब बसलेला. न कुरकुरता आलेल्या बेरजेवर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी कागदावर करून पाहिली. बरोबर आली. तरी मान हलवत ओटीवर गेले.

मी दुसऱ्या दिवशी गाडी धरली.

मे महिन्यात मुलांना घेऊन पुन्हा आलो. अंगणभर पेंढा, पेट्या, खिळ्यांची ठोकाठोक, आणि माजघरातून टक्, टक्, कुर्र, टक्. पोटात गोळा आला. धावत आत गेलो. बाबा निवांत पट्ट्या छापत होते.

कॅबिनेटचं झाकण काढलं. कार्ड जागेवर होतं, कामही तेच करत होतं. आणि त्याच्या शेजारी, साडीच्या उरलेल्या तुकड्याच्या गादीवर, ती जुनी डिस्क. डेटाची केबल नाही, नुसती विजेची वायर जोडलेली.

"ता एक टोक मोकळा लोंबता होता," बाबा कागद फाडत म्हणाले, "म्हणान लावलंय. आता कसो, कामाक लागल्यासारखो वाटता."