‘गोळा कधी हातात धरला नव्हता’ म्हणे!

शाळांच्या क्रीडास्पर्धांचा मोसम आला की पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. तो साधारण असा: ‘१८९६ साली रॉबर्ट गॅरेट नावाचा अमेरिकी विद्यार्थी सहज फिरायला म्हणून अथेन्सला गेला. तिथे पहिलं ऑलिंपिक चालू होतं. गोळा त्याने आयुष्यात कधी हातात धरला नव्हता. गंमत म्हणून नाव दिलं आणि ग्रीकांच्या हजारो वर्षांच्या खेळात, त्यांच्याच भूमीवर, त्यांच्या जगज्जेत्याला अवघ्या दोन सेंटिमीटरनी हरवून विश्वविक्रमासह सुवर्णपदक पटकावलं. सरावापेक्षा आत्मविश्वास मोठा!’

माणसाचं नाव, साल, गाव आणि तो पहिला आला ही गोष्ट खरी आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

‘सहज फिरायला गेला.’ १८९६ मध्ये अमेरिकेहून अथेन्सला जाणं म्हणजे अटलांटिक ओलांडून बोटीने नेपल्सपर्यंत आणि तिथून पुढे मजल दरमजल. सहज कोण जाईल? गॅरेट बाल्टिमोरच्या गडगंज घराण्यातला. त्याचे आजोबा मोठ्या रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते. प्रिन्स्टनमधले इतिहासाचे प्राध्यापक विल्यम स्लोन नव्या ऑलिंपिक समितीचे सदस्य होते, आणि या स्पर्धेचं वेड विद्यार्थ्यांना लावलं ते त्यांनी. गॅरेटने स्वतःचा आणि तीन वर्गमित्रांचा खर्च उचलला आणि चौघे निघाले ते खेळायलाच. हे वर्गमित्रही काही प्रेक्षक म्हणून गेले नव्हते. अल्बर्ट टायलर बांबूउडीत दुसरा आला, हर्बर्ट जेमिसन ४०० मीटरमध्ये दुसरा आला.

‘गोळा कधी हातात धरला नव्हता.’ सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. गॅरेट प्रिन्स्टनच्या अ‍ॅथलेटिक्स संघाचा कर्णधार होता आणि त्याचा मुख्य क्रीडाप्रकार गोळाफेक हाच होता. त्याला अनोळखी होती ती थाळी. थाळीफेक त्या काळी ग्रीसबाहेर जवळपास कुणी खेळत नव्हतं. त्यामुळे जुन्या वर्णनांवरून अंदाज बांधून त्याने एका लोहाराकडून थाळी घडवून घेतली, ती निघाली तेरा-चौदा किलोची, फेकता फेकता दमछाक झाली आणि त्याने तो नाद सोडला, असं सांगतात. अथेन्सला पोहोचल्यावर खरी थाळी जेमतेम दोन किलोची असते हे कळलं, आणि मग त्याने त्या स्पर्धेतही नाव दिलं. सुरुवातीच्या फेकी बेंगरूळ गेल्या. पण अखेर २९.१५ मीटर टाकून त्याने पॅनागिओटिस पारास्केवोपुलोस याला मागे टाकलं. पारास्केवोपुलोसची फेक होती २८.९५.

ही गोष्ट ६ एप्रिलची. गोळाफेक झाली ७ एप्रिलला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन दिवसांच्या दोन स्पर्धा एकत्र कालवल्या आणि थाळीचं अडाणीपण गोळ्याला चिकटवलं. एवढं करूनही त्याचा ‘सराव नको’ हा निष्कर्ष थाळीलासुद्धा लागू पडत नाही. थाळीत हात वेगळा चालतो हे खरं, पण पायांतून जोर घेऊन तो कमरेतून खांद्यापर्यंत आणणं, आणि सुटण्याच्या क्षणी तोल न जाऊ देणं, हे गोळाफेक्याच्या अंगात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. गॅरेट नवखा होता तो थाळीच्या आकाराला, फेकण्याला नव्हे. शिवाय त्याच स्पर्धेत त्याने लांब उडी आणि उंच उडीतही दुसरा क्रमांक मिळवला. अशा माणसाला ‘सराव नसलेला’ म्हणायला धाडस लागतं.

‘ग्रीकांचा हजारो वर्षांचा खेळ.’ थाळीफेक होय, गोळाफेक नव्हे. प्राचीन ऑलिंपियात थाळीफेक पंचक्रीडेचा भाग होती. गोळाफेक कार्यक्रमात कधीच नव्हती. कुणी म्हणेल, होमरच्या काव्यात पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीच्या खेळांत लोखंडाचा गोळा फेकल्याचा प्रसंग आहे ना? आहे. ऑलिंपियात १४३ किलोचा एक दगडही सापडला आहे, ‘बायबॉनने मला एका हाताने डोक्यावरून फेकलं’ असं अंगावर मिरवणारा. (या बायबॉनवर विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याने-त्याने ठरवावं.) पण जड वस्तू फेकून ताकद दाखवणं जगभर चालायचं. त्याची ठरावीक वजनाची, ठरावीक जागेतून खांद्यापासून ढकलण्याची नियमबद्ध स्पर्धा झाली ती ब्रिटन-आयर्लंडकडे. तिच्यामागे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या दगडफेकीच्या शर्यती आणि सैन्यातले तोफगोळे होते. वजन आजही त्याची साक्ष देतं. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असा आडनिडा का? कारण तो मुळात १६ पौंडांचा आहे.

म्हणजे घरच्या मैदानावर परंपरेतला खेळ ग्रीकांनी गमावला तो आदल्या दिवशी, थाळीत. गोळाफेकीत तेच नवशिके होते आणि गॅरेट मुरलेला.

‘जगज्जेत्याला हरवून विश्वविक्रम.’ आता आकडे. गॅरेटची विजयी फेक ११.२२ मीटर. दुसरा आला मिल्टियाडिस गुस्कोस, तिसरा जॉर्जिओस पापासिडेरिस १०.३६ मीटरवर, दोघेही ग्रीक. चौथ्या क्रमांकावर डेन्मार्कचा विगो येन्सन होता, आणि त्याची खरी कमाई तिथे झाली ती वजन उचलण्यात.

जगज्जेता तेव्हा असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण अ‍ॅथलेटिक्सची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली १९८३ मध्ये, हेलसिंकीला. तिथे पोलंडच्या एडवर्ड सारुलने २१.३९ मीटर गोळा टाकला. अधिकृत विश्वविक्रमही नव्हता, कारण विक्रमांना मान्यता देणारा आंतरराष्ट्रीय महासंघच १९१२ चा. मग निदान कुणी जास्त लांब टाकलेलं नव्हतं का? टाकलं होतं, आणि बरंच. कॅनडाचा जॉर्ज ग्रे १८९३ मध्येच १४.३२ मीटरपर्यंत गेला होता. आयर्लंडचा डेनिस होर्गन इंग्लंडच्या अजिंक्यपद स्पर्धांवर राज्य करू लागला होता. ते विजेतेपद त्याने पुढे एकूण १३ वेळा मिळवलं. हे दोघेही अथेन्सला आले नाहीत. त्या काळी देश संघ निवडून, तिकीट काढून कुणाला पाठवत नव्हते. ज्याला वेळ होता, पैसा होता आणि ज्याच्या कानावर बातमी पडली तो गेला. अमेरिकेतून गेलेल्या खेळाडूंत प्रिन्स्टनचे चौघे होते आणि बाकीचे बहुतेक बोस्टनच्या एका क्रीडामंडळाचे.

कुणी म्हणतं, तंत्र जुनं होतं म्हणून फेक कमी पडली. पाठ फिरवून सरकण्याचं तंत्र १९५० च्या दशकात पॅरी ओब्रायनने रूढ केलं आणि अथेन्सला आजच्यासारखं वर्तुळ नव्हतं, गोळा चौकोनातून टाकत, हे बरोबर. पण ग्रेसुद्धा त्याच जुन्या तंत्राने टाकत होता. दोघांमधले तीन मीटर तंत्राचे नाहीत, माणसांचे आहेत. पहिल्या ऑलिंपिकची गोळाफेक ही तेव्हाच्या जगातली सर्वोत्तम गोळाफेक नव्हती, आणि हे म्हटल्याने गॅरेटचं काही कमी होत नाही. आलेल्यांत तो सर्वांत चांगला होता.

‘दोन सेंटिमीटरनी.’ हा आकडा हवेतून आलेला नाही. जुन्या याद्यांत गुस्कोसची फेक ११.२० मीटर दिलेली आढळते. आता मात्र ११.०३ हा आकडा धरला जातो, म्हणजे फरक १९ सेंटिमीटरचा. चुरस होती, पण फॉरवर्डमध्ये आहे तितकी केसाएवढी नव्हे.

‘सुवर्णपदक.’ अथेन्सला कुणालाच सुवर्णपदक मिळालं नाही. पहिल्याला रुपेरी पदक, ऑलिव्हची फांदी आणि प्रशस्तिपत्र. दुसऱ्याला त्याखालच्या धातूचं पदक. तिसऱ्याला काहीच नाही. पापासिडेरिसला आज आपण कांस्यविजेता म्हणतो, पण तो त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी गेला. सोनं, चांदी, कांस्य ही पद्धत १९०४ च्या सेंट लुईसपासूनची. तिथे राल्फ रोझने १४.८१ मीटर गोळा टाकला, आणि ‘ऑलिंपिकच्या गोळाफेकीत जगातली सर्वोत्तम फेक’ हे वाक्य तिथे मात्र शोभतं.

राहिला आत्मविश्वास. तो गॅरेटकडे असणारच, पण सराव त्याने विजयानंतरही सोडला नाही, याचा पुरावा आहे. १९०० मध्ये तो पॅरिस ऑलिंपिकलाही उतरला. अंतिम फेरी रविवारी ठेवलेली होती. रविवारी खेळणं त्याच्या धर्मश्रद्धेत बसत नव्हतं, म्हणून त्याने आणि जोसाया मॅक्रॅकनने त्या दिवशी गोळा टाकायला नकार दिला. आदल्या दिवशीच्या फेकी मात्र नियमाने धरल्या गेल्या. गॅरेटची ती फेक होती १२.३५ मीटर, अथेन्सच्या विजयी फेकीपेक्षा १ मीटर १३ सेंटिमीटर लांब. तरीही तो तिसरा आला, कारण या खेपेला १४.१० मीटर टाकणारा रिचर्ड शेल्डन मैदानात होता.