सगळे धर्म एकच सांगतात म्हणे!

डिसेंबर लागला की आमच्यासारख्यांना भाव येतो. कुठल्या तरी संस्थेचा फोन येतो, ‘सर्वधर्म संवाद ठेवलाय, ख्रिस्ती म्हणून तुम्ही या.’ मंचावर एक महाराज, एक मौलाना, एक भन्ते आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी. प्रत्येक जण आपल्या वाट्याच्या दहा मिनिटांत तेच बोलतो: सगळे धर्म एकच सांगतात, वाटा वेगळ्या, मुक्काम एक. मग शाल, श्रीफळ, फोटो, चहा.

चार धर्मांची माणसं आज एका मंचावर बसतात हे काही कमी नाही, ते मला मान्य आहे. पण कृपा करून त्याला संवाद म्हणू नका. सगळे एकच सांगत असतील तर बोलायचं कशावर? माझा धर्म म्हणतो, येशू वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. कुराण म्हणतं, त्याला वधस्तंभावर मारलंच नाही. बुद्धाला निर्मात्या देवाची गरजच पडली नाही. यातलं ‘एकच’ कुठलं, ते मला कुणी तरी दाखवावं. आणि फरक दाखवला की लगेच ‘तुम्ही तेढ वाढवता’ हे ठरलेलं.

माझ्या मते दोन धर्मांचं खरं बोलणं व्हायला दोन मोकळिका लागतात. ‘तुझं हे मला पटत नाही’ असं समोरच्याला तोंडावर म्हणता यायला हवं. आणि त्याच्याकडचं काही आवडलं तर ते उचलून आपल्या घरात ठेवायला लाज वाटता कामा नये. मराठी मुलखात गेल्या चारशे वर्षांत कधी यातली एक होती, कधी दुसरी. दोन्ही एकदम अशा फार थोड्या वेळा.

सुरुवात सगळे फादर स्टीफन्सपासून करतात. १५७९ साली गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचा) साष्टीत राहून मराठी शिकला आणि त्याने जवळपास अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ साली ते राचोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे नव्हते. मराठीच्या कौतुकाची त्याची ओवी मराठी दिनाला हमखास वाचतात. ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. मला हा ग्रंथ मनापासून आवडतो. पण तो संवाद होता का? साष्टीतली देवळं १५६७ साली पाडली गेली होती. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० पासून बसलेलं होतं. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि पुढे गावकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं गेलं. अशा मुलखात, ज्यांची जुनी पुराणं बंद झाली होती त्यांच्यासाठी हे नवं पुराण लिहिलं गेलं. ऐकणाऱ्याला उलट उत्तर देण्याची सोय नव्हती. उसनं घेणं भरपूर, वाद शून्य. आमचे काही लोक ‘पाहा, चर्चने स्थानिक संस्कृतीचा किती आदर केला’ म्हणून स्टीफन्सचा दाखला देतात तेव्हा मी अवघडते.

एकोणिसाव्या शतकात काटा पार दुसरीकडे गेला. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचा जाहीर वाद झाला. दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिलं, विल्सनने त्यावर पुस्तक लिहिलं, मग साताऱ्याच्या नारायणरावांनी विल्सनला उत्तर दिलं, विल्सनने त्यालाही दिलं. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांना गाठून वाद घालत. ते वाद अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेनने छापले. ती भाषा आज कुणी वापरली तर पोलिसात तक्रार होईल. एकमेकांच्या देवांची लक्तरं काढलेली. त्यात प्रेम शोधू नये, पण एक गोष्ट होती: दोघंही एकमेकांचे ग्रंथ वाचून येत. हरायचं नाही म्हणून का होईना, वाचत.

या वादांतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा माणूस मुंबईचा नाही, काशीचा. नीळकंठशास्त्री गोरे, कोकणस्थ. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतपंडिताने हिंदू मताची परीक्षा करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला संस्कृतातून सडेतोड उत्तर देणाऱ्यांत हे होते. काही वर्षांनी, १८४८ साली, त्यांनीच बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या झाले, आणि आता हिंदू तत्त्वज्ञानाच्या सहा दर्शनांचं खंडन लिहायला बसले. बाजू बदलली, शास्त्र्याची बैठक बदलली नाही. पुढे पंडिता रमाबाईंना ज्यांचं बोलणं पटलं त्यांत हेही होते.

त्या काळातल्या धीट लोकांची गंमत सांगते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, लोकमान्य टिळक वगैरे मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि ग्रामण्य (वाळीत टाकण्याचं प्रकरण) उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. ग्रंथांवर वर्षानुवर्षं भांडता येत होतं, पण एक कप चहा पचला नाही.

रमाबाईंकडे मात्र मला दोन्ही मोकळिका दिसतात. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या साध्वींशी त्यांचा जो पत्रव्यवहार चालला तो वाचावा. त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, यावर) प्रश्न, चर्चच्या अधिकारावर प्रश्न. अंड्यालाही हात लावायचा नाही, यावर ठाम. क्रुसावर लॅटिन अक्षरं होती तर बाई विचारतात, लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतपेक्षा जास्त काय आहे? मला संस्कृत हवी, ती देवांची म्हणून नव्हे, माझ्या देशाची सुंदर आणि जुनी म्हणून. हा वाद नव्या घरच्यांशी, नव्या धर्मात पाय टाकल्या टाकल्या. इकडे १८९३ साली शारदासदन या त्यांच्या मुली-विधवांसाठीच्या शाळेवरून ‘केसरी’ने त्यांना फैलावर घेतलं, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. म्हणजे इंग्लंडात ‘ही अजून पुरती ख्रिस्ती नाही’ आणि पुण्यात ‘ही हिंदूंच्या मुली बाटवते’. दोन्हीकडून शिव्या खाणारा माणूस बहुधा काहीतरी खरं करत असतो, असं माझं निरीक्षण आहे (नेहमी नाही, काही जण निव्वळ भांडखोर असतात). मग केडगावात बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर पडलं.

आणि टिळक. आमच्या नगरचे म्हणून आमचा जीव त्यांच्यावर जास्त, हे आधीच सांगून टाकते. नारायण वामन टिळक, १८९५ चा बाप्तिस्मा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो हे त्यांचं म्हणणं सगळ्यांना ठाऊक असतं. आमचे लोक ते उगाळतात, कारण त्यात पूल शेवटी आमच्या बाजूला उतरतो. विरोधक उगाळतात ते ‘बघा, तुकारामाला शिडी केलं’ म्हणून. पण टिळकांनी पलीकडे आल्यावर पूल मोडला का? त्यांची भजनं, अभंग, कीर्तनं बघा. रोज जाणं-येणं चालू आहे. ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं, ते अपुरं राहिलं, पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. मिशनच्या साहेबी कारभारावर ते ‘ज्ञानोदय’ या मिशनच्याच पत्रातून लिहीत राहिले, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यास घेऊन साताऱ्याला गेले. तिथे ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून चालत. तेव्हाच्या मिशनला ते जड गेलं. आजच्या आमच्या मंडळ्यांनाही, म्हणजे चर्चच्या समूहांनाही, जाईल, खोटं कशाला बोलू.

पण मला विचाराल तर त्या घरातला मोठा संवाद टिळकांचा नव्हेच, लक्ष्मीबाईंचा. नवरा ख्रिस्ती झाला, बायको झाली नाही. माहेरच्या-सासरच्यांनी टाहो फोडलेला. पुढे ती नगरला त्याच्याजवळ आली तीही आपलं सोवळं सांभाळत. तिला कुणी धर्मशास्त्र शिकवलं नव्हतं. ती बघत होती, भांडत होती, हसत होती. आधी तिची जात सुटली, माणसाने केलेली गोष्ट देवाच्या नावावर खपवली जाते हे तिचं तिला उमगलं, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. त्या मधल्या वर्षांत त्या घरात जे बोलणं झालं असेल तसं कुठल्याही मंचावर होत नाही. ‘स्मृतिचित्रे’ मराठीत सगळे वाचतात आणि विनोदाबद्दल बोलतात. मला ती एका घरात दोन धर्म नांदल्याची नोंद वाटते.

उलट दिशेची वाहतूकही झाली. जस्टिन अ‍ॅबट हे टिळकांच्याच अमेरिकन मराठी मिशनचे. त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं महिपती, एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई इंग्रजीत नेण्यात घालवली. फ्रेंच जेझुइट गी दलरी वारीत चालले आणि विठ्ठलसंप्रदायावर ग्रंथ लिहिला. आणि नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातला शाहू मोडक तर १९४० साली प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये माउली झाला, कितीतरी चित्रपटांत कृष्ण झाला. लोकांनी त्याला हात जोडले. त्याला कुणी दाखला विचारला नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला जाणवलं असेल, वर बहुतेक नावं ब्राह्मणांची आहेत. आमच्या संवादाचा इतिहास नेहमी असाच सांगितला जातो, मीही तसाच सांगितला. पण नगर-जालना भागातल्या आमच्या मंडळ्या गोरे आणि टिळकांच्या नातवंडांनी भरलेल्या नाहीत. त्या महार-मांग वस्त्यांतून आल्या. माझ्या पणज्याने दर्शनं वाचली नव्हती. त्याच्यासाठी प्रश्न पाणवठ्याचा, शाळेच्या ओट्याचा आणि दुष्काळातल्या भाकरीचा होता. ‘भाकरीसाठी बाटले’ हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. भाकरी न देणाऱ्याने ते म्हणावं याची मात्र कमाल वाटते. त्या पिढीचा मरीआईशी, खंडोबाशी काय संवाद झाला, घरच्या देवांचे टाक नदीत सोडताना म्हाताऱ्या बायांच्या मनात काय आलं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. त्यांच्यासाठी कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी कीर्तनं रचली, टिळकांच्या कितीतरी आधी. आणि हेही सांगायला हवं की मंडळीत आल्यावर जात सुटलीच असं नाही. दोन वस्त्यांमधली लग्नं पिढ्यानपिढ्या जमली नाहीत. १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्याची अनुसूचित जात कागदावर संपली. गावात ती कुणीच संपवली नव्हती.

आता आजचं. ख्रिस्ती माणसाने कीर्तन केलं की ‘ही फसवणूक, आमचं रूप घेऊन गळ टाकतात’ असं म्हणणारे वाढलेत. फादर दिब्रिटोंनी वसईत बसून आयुष्यभर मराठीची सेवा केली, आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला त्यांची निवड झाली तेव्हा ‘धर्मगुरू कशाला’ म्हणून विरोध झाला. हे एका बाजूचं. आमच्या बाजूला काही नव्या मंडळ्यांत मुलांना शिकवतात की तबला-पेटी, टिकली, मंगळसूत्र, सगळं सैतानाचं. माझ्या ओळखीचा एक पोरगा मला म्हणाला, ‘उपासना संगीतातली (हे आमचं मराठी गीतांचं पुस्तक) ती गाणी भजनासारखी वाटतात, नको वाटतं.’ अरे, ती भजनंच आहेत! इंग्रजी गाण्याचं हिंदी भाषांतर गिटारवर चालतं, टिळकांचा अभंग टाळावर चालत नाही. म्हणजे उसनं घ्यायचंच आहे, फक्त शेजारच्याकडून नको, अमेरिकेतल्या नॅशव्हिलहून हवं.

वादाची मोकळीक तर दोन्हीकडून गेली. तुम्ही माझ्या त्रैक्यावर प्रश्न विचारला तर मी दुखावणार नाही, विचारून बघा. एका देवाला पुत्र कसा, हा प्रश्न मलाही पडतो. मी तुम्हाला कर्मविपाकावर विचारलं, जन्मतः आंधळ्या लेकराने कुठलं पाप केलं म्हणून, तर तुम्ही मला मिशनरी म्हणू नये. हाच प्रश्न येशूला त्याच्या शिष्यांनी विचारला होता, योहानाच्या नवव्या अध्यायात आहे. प्रश्न दोन्हीकडचे आहेत.

मला जोतिरावांचं एक घर राहून राहून आठवतं. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त, १८९१ साली, त्यांच्या मागे छापून आलेल्या, ते सांगतात: बायकोने बौद्धांचा ग्रंथ वाचून वाटल्यास बौद्ध व्हावं, नवऱ्याने बायबल वाचून वाटल्यास ख्रिस्ती, मुलीने कुराण वाचून वाटल्यास मुसलमान, मुलाने वाटल्यास सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एका घरात एकमेकांचा हेवा न करता राहावं. जोतिराव स्वतः मिशनच्या शाळेत शिकले, येशूला त्यांनी बळीराजाच्या रांगेत बसवलं, पण ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या त्या घरात ‘सगळे धर्म एकच’ असं कुणी म्हणत नाही. चौघांनी आधी वाचलंय, मग ठरवलंय, आणि चौघांचं ठरलेलं वेगळं आहे.

फक्त त्या घरात जावई आणि सून कुठल्या धर्माचे, हे जोतिरावांनी लिहिलेलं नाही. खरी भांडणं तिथून सुरू झाली असती.