बिस्किटांच्या डब्यातलं लॉगबुक

या महिन्यात एकच मजकूर मला चार नातेवाइकांनी पाठवला. त्याचा सारांश असा: दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश बॉम्बर कमांडचे, म्हणजे जर्मनीवर बॉम्ब टाकणाऱ्या हवाई दलाच्या शाखेचे लोक वीस हजार फुटांवर सुरक्षित बसून बटण दाबत होते, जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये त्यांनी दोन लाखांवर माणसं मारली, पुढे ब्रिटनलाच त्यांची लाज वाटली म्हणून त्यांना साधं पदकही दिलं नाही, ती गोऱ्यांची लढाई होती, आपला तिच्याशी संबंध नाही, आणि आता त्यांची नातवंडं घरातल्या आठवणी गोळा करतात, तो इतिहास नसून पापावर घातलेलं पांघरूण आहे.

यातलं शेवटचं वाक्य मला लागलं, कारण असं एक घर माझं सासर आहे. माझ्या सासूबाई नॉटिंगहॅमच्या, आता नव्वदी ओलांडलेल्या. त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे माझे मामेसासरे, लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानावर वायरलेस ऑपरेटर होते. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्ग या जर्मन शहरावर गेले ते परतले नाहीत. वय एकवीस. माझा मुलगा आज त्याहून मोठा आहे. त्यांचं लॉगबुक (प्रत्येक उड्डाणाची नोंदवही), घरी आलेली तार आणि काही पत्रं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी दागिने दाखवण्याआधी तो डबा उघडून दाखवला होता.

आधी सुरक्षिततेचं बघू. बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० लोकांनी विमानातून काम केलं. त्यातले ५५,५७३ मेले. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. जखमी झालेले आणि कैदेत गेलेले वेगळे. हे सगळे उडण्यासाठी आपणहून पुढे आलेले, बहुतेक विशीतले. तीस मोहिमा पूर्ण झाल्या की एक फेरा संपे आणि काही महिने विश्रांती मिळे. पण कित्येकांची दहावी मोहीमही झाली नाही. लँकेस्टरमध्ये सात माणसं असत. शेपटाकडचा गनर, म्हणजे मशीनगन चालवणारा, आपल्या काचेच्या बुरुजात सात-आठ तास एकटा बसे, बाहेर उणे चाळीस अंश. अंधारात नीट दिसावं म्हणून काही गनर समोरची पारदर्शक काच कापून काढत आणि तो वारा थेट तोंडावर घेत. त्याच्या बुरुजात पॅराशूटला जागा नसे. ते मागे विमानाच्या पोटात लटकवलेलं असे; जळत्या विमानात आधी मागे वळून ते काढायचं आणि मग उडी मारायची.

मामेसासऱ्यांच्या रात्रीचा हिशेब तर नोंदलेला आहे. ७९५ विमानं निघाली, ९५ परतली नाहीत. पाचशेहून जास्त माणसं एका रात्रीत गेली. आकाश निरभ्र होतं, चांदणं होतं, आणि मार्गाचा एक लांबलचक टप्पा अगदी सरळ आखलेला होता. जर्मन रात्रलढाऊ विमानांना आणखी काय हवं? याला सुरक्षित म्हणायचं असेल तर त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

ड्रेस्डेनचा आकडा चुकीचा आहे, आणि कसा चुकला हेही माहीत आहे. फेब्रुवारी १९४५ मधल्या त्या हल्ल्यांनंतर स्थानिक पोलिसांच्या कागदात २०,२०४ मृतांची नोंद होती. प्रचारात तिच्यापुढे एक शून्य चढलं आणि २,०२,०४० झाले. ड्रेस्डेन शहरानेच नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये जास्तीत जास्त २५,००० असा निष्कर्ष दिला. पंचवीस हजार माणसं म्हणजे थोडी नव्हेत. जुलै १९४३ मध्ये हँबुर्गच्या आगीत त्याहून जास्त गेली, आणि त्यांत बायका, मुलं, म्हातारी माणसं होती. यातलं काहीही मला झाकायचं नाही. पण त्या मृतांविषयी खरंच काही वाटत असेल, तर नाझींच्या प्रचारखात्याने फुगवलेला आकडा पुढे पाठवू नये.

पदकाची गोष्ट अर्धी खरी आहे. १९३९–४५ स्टारसारखी युद्धपदकं या लोकांना मिळाली. बॉम्बर कमांडसाठी वेगळं मोहीमपदक मात्र निघालं नाही, आणि त्याची सल शेवटपर्यंत राहिली. त्या स्टारवर लावायची ‘बॉम्बर कमांड’ पट्टी २०१३ मध्ये मिळाली, तोवर बहुतेक जण वारले होते. लंडनच्या ग्रीन पार्कमधलं स्मारक त्याआधी एक वर्ष, जून २०१२ मध्ये उघडलं. तिथे बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचंही स्मरण कोरलेलं आहे. पांघरूण घालणाऱ्यांनी ते कोरून घेतलं नसतं.

‘गोऱ्यांची लढाई’ हे वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटलं, कारण पाठवणारे चौघेही मराठी. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंडचे लोक तर होतेच, पण कॅरिबियन बेटांवरून आलेली कृष्णवर्णीय मुलंही या विमानांत होती. आणि शैलेंद्र एकनाथ सुकथनकर होते. आडनावावरून वेगळं सांगायला नको. ते लँकेस्टरवर नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग ठरवणारे होते, आणि ज्या आर-५८६८ क्रमांकाच्या विमानातून त्यांनी मोहिमा केल्या ते आज लंडनमधल्या हेंडनच्या संग्रहालयात उभं आहे. मी ते बघायला गेले तेव्हा त्या अवाढव्य चाकाशेजारी बराच वेळ नुसती थांबले होते. इकडे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन व्हेंजन्स विमानांतून सूर मारून बॉम्ब टाकत होत्या, त्यात दोनच माणसं, पुढे पायलट आणि त्याच्या मागे पाठ करून बसलेला गनर. त्यांची लॉगबुकंही कुणाच्या तरी माळ्यावर असतील.

आता घरगुती आठवणींचं. त्या चुकतात, हे मी आधीच कबूल करते. सासूबाईंच्या गल्लीत भाऊ ‘पायलट’ म्हणूनच ओळखला जाई. सातांपैकी कुणीही असो, लोकांच्या तोंडी तो पायलटच. विमान जमिनीवरच्या तोफेच्या गोळ्याने पडलं असंही घरात साठ वर्षं सांगितलं गेलं. माझ्या नवऱ्याने नोंदी जुळवल्या तेव्हा ते एका रात्रलढाऊ विमानाने पाडल्याचं दिसलं. जर्मनांनी तेव्हा काही विमानांच्या पाठीवर वरच्या दिशेने मारा करणाऱ्या तोफा बसवल्या होत्या. ते खालून, अंधारातून येत, आणि आपल्याला कुणी मारलं हे वरच्यांना कळतच नसे.

पण सरकारी कागद तरी काय सांगतो? स्क्वाड्रनच्या मोहिमांची नोंदवही लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्या रात्री त्यांच्या विमानापुढे एकच ओळ: उड्डाणानंतर काही कळलं नाही. कागद तिथे संपतो. पुढचं सगळं डब्यात आहे. सातांपैकी एकटा नॅव्हिगेटर वाचला. वर्षभर कैदेत काढून १९४५ मध्ये परतल्यावर त्याने सासूबाईंच्या आईला चार पानी पत्र लिहिलं. विमान पेटल्यावरही मामेसासरे आपल्या जागेवरून पाठीवरच्या बुरुजातल्या गनरचं पॅराशूट शोधत होते, हे त्या पत्रामुळे कळलं. इतर पाच आयांची पत्रंही आहेत, कारण स्क्वाड्रन बेपत्ता मुलांच्या घरच्यांना एकमेकांचे पत्ते कळवत असे. ‘तुमच्याकडे काही बातमी?’ एवढंच विचारणारी पत्रं, दीड वर्षभर. ज्या गावाजवळ विमान पडलं तिथल्या लोकांनी त्या सहा जणांना आधी आपल्या दफनभूमीत पुरलं. पुढे त्यांना हॅनोव्हरच्या युद्धस्मशानात हलवलं.

पांघरूण घालायचं असतं तर लॉगबुक कशाला जपलं असतं? त्यात तीनदा बर्लिन आहे, लाइपझिग आहे, फ्रँकफर्ट आहे. तारखा आहेत, तास आहेत. सासूबाईंनी फ्रँकफर्टच्या नोंदीवर बोट ठेवून मला सांगितलं होतं, ‘त्या रात्री तिथेही कुणाची तरी दहा वर्षांची बहीण असेल.’ भाऊ गेला तेव्हा त्या स्वतः दहा वर्षांच्या होत्या.

घरात असा डबा असेल तर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, प्रशिक्षणाची पानंही सोडू नका. सोबत कोण कोण उडत होतं हे बऱ्याचदा त्याच पानांवरून कळतं, आणि त्यांच्याही घरी कुणीतरी शोधत असतं. पत्रांमागे पेनने काही लिहू नका. आणि ज्यांना आठवतं त्यांना या आठवड्यात विचारा. सासूबाईंना हल्ली सकाळचं आठवत नाही, पण तार घेऊन आलेल्या मुलाने सायकल कुठल्या भिंतीला टेकवली होती ते आठवतं.