कंपनीची गाडी मिळाली, पण तुमचा एनसीबी कुठे गेला?

आपल्या बडोद्याच्या नोकरदार मंडळींत हे सर्रास दिसतं. प्रमोशन झालं, कंपनीने गाडी दिली, की घरची जुनी वॅगन-आर महिन्याभरात विकून मोकळे. सोसायटीत पार्किंग एकच, दुसरी गाडी ठेवायची कुठे, हे मान्य. पण त्या गाडीवर वर्षानुवर्षं एकही क्लेम न करता कमावलेला नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे प्रीमियममधली सूट, आपण तसाच सोडून देतो. घेणाऱ्यालाही तो मिळत नाही, त्याचा हिशोब त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डवर ठरतो. फावतं ते विमा कंपनीचं.

मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात ॲडमिन बघतो. गाड्यांच्या पॉलिसी, रिन्यूअल, क्लेम सगळं माझ्या टेबलावरून जातं, म्हणून जरा अधिकाराने लिहितोय.

एनसीबी हा पॉलिसीवर ज्याचं नाव त्याचा. एक वर्ष क्लेम नाही तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि सलग पाच वर्षं झाली की 50. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर, थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागावर नाही. गाडी विकताना विमा कंपनीकडे विक्रीचे कागद देऊन एनसीबी रिझर्व्हिंग लेटर, म्हणजे बोनस राखून ठेवल्याचं पत्र, मागायचं. जुनी पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर तोच टक्का तिला लागतो. वॅगन-आरवर कमावलेले 50 टक्के उद्या क्रेटाला लागतात. तिचा ओन डॅमेज प्रीमियम समजा 20,000 असेल, तर सरळ 10,000 वाचले. फक्त वर्ग तोच हवा, ॲक्टिव्हाचा एनसीबी कारला चालत नाही. आणि लेटर नसताना शोरूममध्ये "माझा 50 टक्के आहे हो" असं ठोकून देऊ नका. नवी विमा कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते, आणि माहिती खोटी निघाली तर ओन डॅमेजचं संरक्षणच हातचं जातं.

माझी तक्रार त्या तीन वर्षांवर आहे. कंपनीची गाडी लोक पाच-पाच, सात-सात वर्षं वापरतात. रोज गोल्डन चोकडीवरून हालोलला जाऊन येणारा माणूस एक ओरखडा न पाडता गाडी चालवतो, आणि ती सगळी वर्षं जमा होतात कंपनीच्या नावावर. चौथ्या वर्षी त्याने स्वतःची गाडी घेतली तर त्याची सुरुवात शून्यापासून! गाडी कोण चालवतो हे न बघता फक्त पॉलिसीवरचं नाव बघायचं, हे मला पटत नाही.

पण याच नियमांत एक खिडकी आहे, आणि ती एचआरवाल्यांनाही माहीत नसते. 2002 च्या इंडिया मोटर टॅरिफमधला, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या नियमावलीतला, जनरल रेग्युलेशन 27 काढून वाचा. संस्थेची गाडी एकाच कर्मचाऱ्याला दिलेली असेल, तोच ती चालवत असेल, आणि पुढे ती त्याच्या नावावर झाली, तर त्या काळात गाडीवर जमलेला एनसीबी त्याला मिळायला हवा. अट एकच, मालकाचं, म्हणजे संस्थेचं, तसं पत्र.

आमच्याकडे एका इंजिनिअर साहेबांनी बदलीच्या वेळी त्यांना दिलेली डिझायर बुक व्हॅल्यूला, म्हणजे कंपनीच्या हिशोबातल्या किमतीला, विकत घेतली. एजंटने पाठवलेल्या कोटेशनमध्ये एनसीबीच्या रकान्यात शून्य. विचारलं तर म्हणे, "मालक बदलला ना साहेब." मी कंपनीच्या लेटरहेडवर चार ओळी टाइप केल्या: गाडीचा नंबर, पॉलिसी नंबर, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ही गाडी यांनाच दिलेली होती आणि फक्त तेच ती चालवत होते. सही, शिक्का. कोटेशन बदलून आलं, रकान्यात 45. एजंट मात्र त्यानंतर माझ्याशी जरा जपून बोलतो.

पूलची गाडी, म्हणजे आज हा नेतो उद्या तो, या नियमात बसत नाही. लीजच्या गाडीत आरसी बुक कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. ते लीज कंपनीचं असेल तर विमा कंपनीकडून लेखी उत्तर घेऊनच पुढे जा.

आता घरची गाडी न विकणाऱ्यांबद्दल. "चालतच नाही तर विमा कशाला" म्हणून रिन्यूअल लांबवू नका. मुदत संपून 90 दिवस उलटले की एनसीबी गेला. 2022 पासून पे ॲज यू ड्राइव्ह मिळतं, वर्षाला ठरावीक किलोमीटरपुरतं. उभ्या गाडीसाठी तेच बघा. आणि उभी गाडी सुरक्षित असते असं कुणी बडोदेकराला तरी सांगू नये. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा आमच्या शेजाऱ्यांची कंपनीची गाडी प्लँटवर कोरडी होती, आणि बेसमेंटमधल्या घरच्या गाडीत सीटपर्यंत पाणी. क्लेम केला, एनसीबी शून्य. योग्यच केलं, इतक्या मोठ्या खर्चात बोनस बघत बसायचं नसतं. आधी एनसीबी प्रोटेक्टर, म्हणजे क्लेम केला तरी बोनस राखणारं जादा कव्हर, घेतलेला असता तर तोही कदाचित वाचला असता.

बंपरला पोचा आला म्हणून क्लेम करणाऱ्यांचं मात्र मला नवल वाटतं. ओन डॅमेज प्रीमियम 10,000 धरा. 50 टक्क्यांवरून शून्यावर आलात की पुन्हा 50 गाठेपर्यंत 5,000, 3,000, 2,500, 1,500, 500 असे मिळून 12,500 जातात. गाडी जुनी होते तसा प्रीमियम उतरतो, म्हणून थोडे कमी धरा. तरी सहा हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी हा सौदा कोण करेल?

ग्रुपात एचआर, ॲडमिनवाले बरेच आहेत. गाडी कर्मचाऱ्याला विकताना हे पत्र त्याने मागायची वाट बघू नका, एनओसीबरोबर हातात द्या. माझा मसुदा मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत तयार आहे, हवा असेल त्याने इनबॉक्समध्ये सांगा.