पाळकसाहेब, आधी रडायला शिका

पाप कुणाच्या हातून घडत नाही? तेव्हा त्याची चिंता सोडा. खरी परीक्षा असते ती पाप उघडकीला आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, ग्रीक शिकवतात, हिब्रू शिकवतात, उपदेशाचे तीन मुद्दे कसे पाडायचे तेही शिकवतात. पण कॅमेऱ्यासमोर रुमाल नेमका कधी काढायचा, हे ज्याचं त्यानेच शिकायचं. या एका त्रुटीपायी चांगल्या चांगल्या पाळकांचं नुकसान झालंय. बिचारे घाबरून खरं बोलून गेले आणि आज कुठेतरी जुन्या गाड्या विकतायत.

तुमचं तसं होऊ नये म्हणून हा खटाटोप. तुमची मंडळी, म्हणजे तुमचं चर्च, अमेरिकेत आहे, इव्हँजेलिकल म्हणजे बायबलच्या शब्दावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट गोटातली आहे आणि शक्यतो स्वतंत्र आहे, असं मी धरून चालतो. म्हणजे वरून जाब विचारणारा बिशप नको, सिनॉड नको, डायोसीस नको. तिकडे चर्चला वार्षिक जमाखर्चाचं विवरण आयकर खात्याकडे भरण्याचीही सक्ती नाही. इतकी सुपीक जमीन आपल्या नगर-सोलापूरकडच्या पाळकाच्या स्वप्नातही यायची नाही. तो कमिटीच्या मीटिंगमध्ये घंटेच्या दोराचाही हिशेब देत बसलेला असतो.

आता रडणं. या शास्त्राचे आद्य गुरू म्हणजे लुइझियानातल्या बॅटन रूजचे जिमी स्वॅगर्ट. १९८७ मध्ये जिम बेकर या दुसऱ्या टीव्ही-प्रचारकाची भानगड बाहेर आली, तेव्हा त्यांनी बेकरला ख्रिस्ताच्या शरीरातला कॅन्सर ठरवलं. मार्विन गॉर्मन नावाच्या पाळकाचीही वासलात त्यांनी त्याआधीच लावली होती. गॉर्मनने ते लक्षात ठेवलं, न्यू ऑर्लिन्सच्या एका मोटेलवर पाळत ठेवली आणि स्वॅगर्ट वेश्येकडे जातात त्याचे फोटो मिळवले. मग आला २१ फेब्रुवारी १९८८ चा रविवार. हजारो लोक समोर, कॅमेरे चालू, गालावरून घळाघळा धारा. त्यांनी पत्नीची क्षमा मागितली, मुलाची मागितली, आपल्या पंथाची, सहकारी प्रचारकांची, देवाची मागितली. शेवटी बायबलमधलं पश्चात्तापाचं स्तोत्र ५१ म्हटलं. मी पाप केलं, असं ते म्हणाले. कोणतं, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, फक्त इथे ताक मागणाऱ्याला बघून अख्खं सभागृह हुंदके देत होतं.

असेंब्लीज ऑफ गॉड या त्यांच्या पंथाने वर्षभर व्यासपीठापासून लांब राहायला सांगितलं. स्वॅगर्टनी पंथच सोडला आणि मे महिन्यात पुन्हा उपदेशाला उभे राहिले. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात पुन्हा एका वेश्येबरोबर सापडले, तेव्हा तर रडण्याचीही गरज उरली नव्हती. प्रभूने मला सांगितलंय की याच्याशी तुमचा काही संबंध नाही, असं त्यांनी मंडळीला सांगून टाकलं. जुलै २०२५ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारले, तोवर स्वतःचं टीव्ही नेटवर्क बाळगून होते. मग कोण म्हणतं शिस्तीने माणूस घडतो?

पण नुसतं पाणी काढून भागत नाही, शब्द निवडता आले पाहिजेत. इथे मराठी फार सोयीची आहे. ‘मी चूक केली’ असं म्हणायची गरजच नाही. ‘माझ्या हातून चूक झाली’ म्हणायचं. चूक आपली आपण झाली, हात तेवढे तिथे होते. तिकडच्या मंडळींना इंग्रजीत हेच साधायला पगारी सल्लागार ठेवावे लागतात. दुसरं, ‘पाप’ हा शब्द कितीही वेळा वापरा, ‘गुन्हा’ हा एकदाही नको. पापाला क्षमा असते; गुन्ह्याला पोलीस, पंचनामा आणि तारखा असतात. ‘नैतिक पतन’ हेही छान वजनदार आहे. माणूस जिन्यावरून घसरला की नऊ वर्षं अत्याचार करत होता, ते त्यातून कळत नाही.

वयाबद्दल विशेष जपा. टेक्सासमधल्या गेटवे या महाचर्चचे संस्थापक रॉबर्ट मॉरिस यांनी जून २०२४ मध्ये कबूल केलं की विशीत असताना एका ‘तरुण स्त्री’शी आपलं वागणं अनुचित होतं. ही तरुण स्त्री तेव्हा बारा वर्षांची होती. बारा! आपल्याकडे सहावी-सातवीतल्या मुलीला कोणी तरुण स्त्री म्हणत नाही, पण निवेदनात जागा कमी असते. अर्थात शब्दांच्याही मर्यादा असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओक्लाहोमाच्या कोर्टात मॉरिसना बालकावरच्या लैंगिक अत्याचाराच्या पाच आरोपांत गुन्हा कबूल करावा लागला. दहा वर्षांची शिक्षा झाली, त्यातले सहा महिने प्रत्यक्ष तुरुंगात, बाकी स्थगित. घटना १९८२ पासूनच्या. मधल्या काळात मंडळी केवढी वाढली, ते मात्र कोणी विचारत नाही.

बायबल हाताशी असू द्या, पण वाचताना अंगठा कुठे ठेवायचा ते ठरवून घ्या. परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकू नये, म्हणून दाविदाने गुहेत हाती सापडलेल्या शौल राजाला सोडून दिलं, हा उतारा दर महिन्याला वाचावा. पुढची ओळ झाकावी. कारण दावीद गुहेबाहेर आला, शौलाच्या झग्याचा कापलेला काठ त्याने हातात उंच धरला आणि तीन हजार माणसांदेखत राजाला त्याचा अन्याय मोठ्याने सुनावला. म्हणजे हात टाकला नाही, पण पुरावा दाखवला, तोही चारचौघांत. मंडळीला हे कळलं तर पुढच्या रविवारी प्रत्येकाच्या हातात एकेक काठ दिसेल.

तीमथ्याच्या पहिल्या पत्राचंही तसंच. पाचव्या अध्यायातलं एकोणिसावं वचन पाठच करून घ्या: दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलावरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा, आरोप दाखल करून घेऊ नये. बंद खोलीतल्या गोष्टीला साक्षीदार कुठून येणार, असा प्रश्न एखादी आगाऊ बाई विचारेल. तिच्या आत्मिक स्थितीबद्दल काळजी व्यक्त करा. विसावं वचन, पाप करणाऱ्यांचा सर्वांसमक्ष निषेध करण्याचं, ते पान चिकटलेलं असलेलं बरं. मत्तयाचा अठरावा अध्याय म्हणजे तर खजिनाच. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठून समजाव, असं तिथे लिहिलंय. तेव्हा तक्रार घेऊन आलेल्या मुलीला प्रेमाने सांगायचं की नियमाप्रमाणे तू आधी पाळकसाहेबांना त्यांच्या ऑफिसात एकटीने भेट. दार लावून.

याच अध्यायात पुढे साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची आज्ञा आहे. ही तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी आहे. मंगळवारी बातमी फुटली तर रविवारपर्यंत तिने क्षमा केलेली असली पाहिजे. केली नाही तर तिच्यात ‘कडूपणाचं मूळ’ आहे, असं महिला मंडळात हळूच सांगावं. केली तर प्रश्नच मिटला: तिने क्षमा केली, देवाने क्षमा केली, आता तुम्ही कोण माइक परत न देणारे? क्षमा आणि माइक या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे कोणाच्या लक्षात येता कामा नये. सोसायटीचे पैसे खाल्लेल्या खजिनदाराला आपण घरी बोलावून चहा पाजतो, पण तिजोरीची किल्ली पुन्हा त्याच्या कमरेला बांधत नाही. हे उदाहरण मंडळीत चुकूनही देऊ नका.

उधळ्या पुत्राचा दाखला मात्र द्याच. अंगठी, झगा, पुष्ट वासरू, सगळं सावकाश रंगवून सांगा. ‘मला आपल्या एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा,’ असं तो पोरगा वाटेत घोकत आला होता, तेवढं गाळा. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराकडेही वळू नका. तो कोणी न मागता म्हणाला, ज्यांचं लुबाडलंय त्यांना चौपट परत देतो. अशा माणसांमुळे पश्चात्ताप महाग होऊन बसतो.

इतकं करूनही कोणी गप्प बसत नसेल तर करार करा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही आपली म्हण जुनी आहे. तिकडे ती वकिलाकडून स्टँपपेपरवर लिहून घेतात. आपल्या चेन्नईत जन्मलेले रवी झकारायस साऱ्या जगाला ख्रिस्ती श्रद्धेची तर्कशुद्ध बाजू समजावून सांगत फिरले. २०१७ मध्ये एका विवाहित स्त्रीने तक्रार केली, तर उलट यांनीच तिच्यावर दावा लावला आणि गुप्ततेच्या कराराने ते प्रकरण मिटवलं. मे २०२० मध्ये गेले तेव्हा श्रद्धांजल्यांचा पूर आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल बाहेर पडला: फोनमध्ये दोनशेहून अधिक मसाज करणाऱ्यांचे नंबर, बायकांचे फोटो, आणि गरजूंसाठी काढलेल्या निधीतून काही जणींना गेलेला पैसा. माणसाने वेळेवर मरावं ते असं. तुम्हाला ते जमेलच असं नाही, म्हणून फोन बदलताना जुना फोडून टाका.

वडील मंडळ नेमताना मित्र निवडा. शक्यतो दुसऱ्या राज्यातले, स्वतःच्या महाचर्चचे मालक असलेले. आज तुम्ही त्यांचं बघायचं, उद्या ते तुमचं बघतील. या मंडळाला ‘जबाबदेहीची व्यवस्था’ असं भारदस्त नाव द्या. सिॲटलच्या मार्स हिल चर्चचे मार्क ड्रिस्कॉल हे याबाबतीत स्पष्टवक्ते. बसमध्ये बसा नाहीतर बसखाली या, आपल्या बसमागे मेलेल्यांचा ढीग पडलाय आणि देवकृपेने तो डोंगराएवढा होईल, असं ते २००७ मध्ये सहकाऱ्यांना सांगत होते. त्यांचं पुस्तक खपाच्या यादीत वर चढवण्यासाठी एका कंपनीला दोन लाख डॉलरहून अधिक मोजले गेले, तेही पुढे बाहेर आलं. २०१४ मध्ये मंडळीच्या वडिलांनी चौकशी करून त्यांना उद्धट आणि तापट ठरवलं, सुधारणेची योजना आखली. ड्रिस्कॉलनी राजीनामा दिला. देवानेच आपल्याला मोकळं केलं म्हणाले. काही महिन्यांत सिॲटलची मंडळी मोडली, आणि २०१६ मध्ये ॲरिझोनात नवी उभी राहिली. मंडळी मरतात, बसचालक अमर असतो.

समुपदेशनाला जायची वेळ आलीच तर लवकर आटपा. टेड हॅगर्ड पंचेचाळीस-एक हजार इव्हँजेलिकल मंडळ्यांच्या महासंघाचे अध्यक्ष होते. २००६ मध्ये पुरुषवेश्येशी संबंध आणि अमली पदार्थांचं प्रकरण निघालं. तीन आठवड्यांच्या कसून समुपदेशनानंतर ते पूर्णपणे भिन्नलिंगी आहेत, असा निर्वाळा देखरेखीच्या पाळकांपैकी एकाने दिला. तीन आठवड्यांत आपल्याकडे शिधापत्रिकेवरचं नावसुद्धा दुरुस्त होत नाही.

आणि पंथात राहायचंच असेल तर सदर्न बॅप्टिस्ट हा अमेरिकेतला मोठा प्रोटेस्टंट पंथ बघा. तिथे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त. अत्याचारी पाळकांची यादी करा, म्हणजे एका गावातून हाकललेला दुसऱ्या गावात लागणार नाही, असं पीडित स्त्रिया वर्षानुवर्षं मागत होत्या. उत्तर ठरलेलं: स्वायत्ततेमुळे शक्य नाही. मे २०२२ च्या चौकशी अहवालात निघालं की कार्यकारी समितीच्या कचेरीत अशी यादी २००७ पासून गुपचूप ठेवली जात होती. तिच्यात ७०३ नावं होती. यादी होती, फक्त तिचा कोणाला उपयोग होऊ दिला नव्हता. स्त्रीला पाळक केलं म्हणून सॅडलबॅकसारखी प्रचंड मंडळी २०२३ मध्ये पंथाबाहेर काढताना मात्र स्वायत्तता आड आली नाही. ती कुठे उभी करायची आणि कुठे बाजूला सारायची, याचं भान पाहिजे.

१९४८ साली कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी बिली ग्रॅहम हे प्रचारक आणि त्यांच्या सोबत्यांनी एका हॉटेलच्या खोलीत बसून ठरवलं होतं की पैसा, स्त्रिया, इतर मंडळ्यांची निंदा आणि गर्दीचे फुगवलेले आकडे, या चार गोष्टींत आपल्यावर बोट ठेवायला जागा राहू द्यायची नाही. पाप करण्याआधीच बंदोबस्त! अशाने क्षमेला वाव तरी काय राहणार? ते नाद तुम्ही करू नका.

आता तुमच्या पुनरागमनाचा रविवार. टाळ्यांची व्यवस्था करावी लागत नाही, त्या आपोआप होतात. जानेवारी २०१८ मध्ये मेम्फिसच्या एका पाळकाने वीस वर्षांपूर्वीच्या एका ‘लैंगिक घटने’ची कबुली व्यासपीठावरून दिली. तेव्हा तो युवकांचा पाळक, ती मंडळीतली सतरा वर्षांची मुलगी. त्याचं बोलणं संपलं आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. ती मुलगी आता मध्यमवयीन बाई आहे. तिने त्या टाळ्या नंतर व्हिडिओवर बघितल्या. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर लावून एका वर्तमानपत्राने तेही चित्रित केलं, आणि कबुलीनंतर अडीच महिन्यांच्या आत पाळकाला राजीनामा द्यावा लागला.

या प्रसंगातून धडा घ्या. तुमच्या गोष्टीतही अशी एक बाई कुठेतरी असणार, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेली. तिला विसरू नका. उपदेशाच्या शेवटी जरा थांबा, आवाज खाली आणा आणि नाव न घेता तिला उदार मनाने क्षमा करून टाका. तुमच्या सेवेची तिने किती वर्षं फुकट घालवली, तरी तुमच्या मनात काही नाही म्हणावं. लोक उभे राहतील. गायकवृंदाला आधीच सांगून ठेवा, टाळ्या ओसरायच्या आत अर्पणाचं गीत सुरू झालं पाहिजे.